शिमग्याची उचल, दिरांचा पगार आणि फॉर्म १६

*दिवाणजी काका, नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं आमरस, कोकम आगळ आणि फणसपोळीचं छोटं युनिट आहे. सासऱ्यांनी उभं केलेलं. एप्रिल २०२४ पासून ते माझ्या नावावर झालं, जीएसटी नंबरही नवा घेतला. बारमाही सात माणसं आहेत, चार पुरुष आणि तीन बायका. सीझनला आणखी आठदहा बायका येतात. दीर कारखाना बघतात, त्यांचा पगार महिना ७५,००० ठरलाय. सुपरवायझरला २८,०००, बाकीचे हजेरीवर.*

*आता मार्च २०२५ आला आणि डोकं उठलंय. सुपरवायझरला घरासाठी कर्ज काढायचंय, बँक फॉर्म १६ मागते, म्हणून तो माझ्यामागे लागलाय. सीए म्हणतात दिरांचा टीडीएस कापा, म्हणजे पगारातूनच आयकर कापून सरकारात भरा. दीर म्हणतात बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झालाय, सगळ्या जगाला माहीत आहे, तुम्हीच कशाला कापताय वहिनी? आणि पगाराच्या वहीत पगार, उचल, घरखर्च सगळं एकाखाली एक लिहिलंय, त्यातून वर्षाचा आकडा जुळत नाही. सासऱ्यांचे टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) आणि प्रोफेशन टॅक्सचे नंबर आहेत, ते चालतील ना? सुरुवात कुठून करू?*

*– एक वाचक, गुहागर तालुका*

ताई,

पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. ऑगस्टच्या पानावर एका नावापुढे लिहिलंय, ‘१०,००० गणपती’. हे दहा हजार पगाराचे, उचलीचे की सणाची भेट म्हणून दिलेले, ते वहीला माहीत नाही आणि आता सात महिन्यांनी तुम्हालाही नक्की आठवत नसणार. तुमचं अर्धं दुखणं त्या ओळीत आहे. फॉर्म भरणं हे शेवटचं आणि सोपं काम. ते सीएंच्या ऑफिसातला पोरगा दुपारभरात करतो. पण कुणाला किती दिले आणि कशाबद्दल दिले, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

वहीकडे येतोच. त्याआधी नंबरांचं बघा, कारण त्याला दिवस लागतात.

सासऱ्यांचे नंबर चालणार नाहीत. कारखाना, यंत्रं, गिऱ्हाईकं सगळं तुमच्याकडे आलं, तरी टॅन आणि प्रोफेशन टॅक्सची नोंदणी माणसाच्या पॅनला चिकटलेली असते, शटरला नाही. जीएसटी नवा घेतलात तेव्हाच हे दोन्ही घ्यायला हवे होते. झालं ते झालं. टॅनचा अर्ज फॉर्म ४९ बी, तो ऑनलाइन होतो, फी शंभर रुपयांच्या आत. आजच करा. टॅन नसताना कर कापण्याची जबाबदारी असणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि टॅन हातात असल्याशिवाय चलन भरताच येत नाही. प्रोफेशन टॅक्ससाठी मालक म्हणून पीटीआरसी आणि स्वतःच्या धंद्यासाठी पीटीईसी, असे दोन वेगळे नंबर लागतात. पुष्कळ लोक एक घेतात आणि दुसरा विसरतात. मग पाच वर्षांनी नोटीस आली की ऑफिसच्या फेऱ्या सुरू.

आता दीर. त्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त वर्ष चुकलंय. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांची घोषणा झाली ती १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नासाठी. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य, पण तो पुढच्या वर्षी. आपण हिशेब करतोय तो ३१ मार्च २०२५ ला संपणाऱ्या वर्षाचा. त्यात नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न सात लाखांच्या आत असेल तरच सुटका होती. दिरांचे बारा महिन्यांचे होतात नऊ लाख. वजावट ७५,००० गेली की राहिले ८,२५,०००. पहिल्या तीन लाखांवर काही नाही. तीन ते सात लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. उरलेल्या सव्वा लाखावर १० टक्क्यांनी १२,५००. एकूण ३२,५००, त्यावर ४ टक्के उपकर १,३००. म्हणजे ३३,८०० रुपये.

ते म्हणतील जुनी करप्रणाली लावा, माझा एलआयसी आहे. लावून बघितली. विमा, पीपीएफ मिळून पूर्ण दीड लाखाची वजावट आणि प्रोफेशन टॅक्स धरूनसुद्धा कर ५४,०८० येतो. नवीच बरी. शिवाय नवी आपोआप लागू असते. जुनी हवी तर कामगाराने मालकाला तसं कळवायचं असतं आणि फॉर्म १२ बीबी भरून पुरावे द्यायचे असतात.

खरं तर हा कर दर महिन्याच्या पगारातून थोडा थोडा कापायला हवा होता, महिन्याला २,८०० च्या आसपास. अकरा महिने कुणी कापला नाही. पण पगाराच्या टीडीएसमध्ये वर्षभरात कमीजास्त झालेलं त्याच वर्षात सावरून घ्यायची मुभा कायद्याने दिलेली आहे. म्हणजे मार्चचा पगार हा तुमचा शेवटचा दोर. ७५,००० मधून ३३,८०० आणि प्रोफेशन टॅक्सचे २०० गेले की दिरांच्या हातात ४१,००० पडतील. हे त्यांना पगाराच्या दिवशी सांगू नका. आज रात्री जेवणं झाल्यावर कागदावर आकडा मांडून सांगा, आणि त्याच कागदाच्या तळाशी लिहा की एप्रिलपासून पगार एवढाच राहिला तर टीडीएस शून्य. भावकीत अर्धी भांडणं आकडा शेवटच्या घटकेला कळल्याने होतात.

नाही कापला तर? न कापलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज. कापून वेळेत भरला नाही तर दीड टक्का. आणि सगळ्यात झोंबणारं म्हणजे कर न कापलेल्या पगाराचा ३० टक्के खर्च नामंजूर होऊ शकतो. नऊ लाखांचे तीस टक्के म्हणजे २,७०,०००. तेवढा नफा कागदावर वाढला आणि त्यावर कर तुम्ही भरायचा. मालकाची उलाढाल लहान असली म्हणून पगारावरचा टीडीएस सुटत नाही, हेही लक्षात असू द्या. टेम्पोवाला, कंत्राटदार यांच्या टीडीएसला एकट्याच्या धंद्यात आदल्या वर्षीच्या एक कोटी उलाढालीची अट आहे. पगाराला नाही.

आता वही.

आपल्याकडे उचल ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात बसत नाही, पण तिच्याशिवाय गडी टिकत नाही. गणपतीला उचल, शिमग्याला उचल, कुणाच्या घरावर कौलं घालायची तर उचल. यंदा ७ सप्टेंबरला गणपती आले म्हणून ऑगस्टअखेर तुमच्या वहीत उचलींची रांग लागली आहे, आणि १३-१४ मार्चला होळी झाली म्हणून मार्चच्या पानावर पुन्हा. गणपतीची उचल समजा १०,००० होती आणि सप्टेंबरपासून महिन्याला २,००० प्रमाणे कापत गेलात, तर जानेवारीत ती फिटली. ऑगस्टला तुम्ही १४,००० पगार अधिक १०,००० उचल असे २४,००० पगाराखाली लिहिलेत आणि पुढचे पाच महिने १२,००० लिहिलेत, तरी वर्षाची बेरीज १,६८,००० च येते. चुकीची पद्धत, बरोबर बेरीज. म्हणून तुम्हाला वाटतं की चालतंय.

शिमग्याच्या उचलीत ते फसतं. ती आता मार्चमध्ये दिलीत आणि फिटणार पावसाळ्यात. ती पगाराखाली लिहिली की यंदाचा पगारखर्च तेवढा फुगला आणि पुढच्या वर्षीचा आटला. पाच माणसांना दहा-दहा हजार दिले असतील तर पन्नास हजारांचा फरक, आणि तुमचा ताळेबंद का जुळत नाही ते तुम्हीच सांगा. वसूल व्हायची उचल म्हणजे येणं आहे, खर्च नाही. मात्र ‘एप्रिलचा पगार आत्ताच घेऊन जा’ असं म्हणून दिलेले पैसे ही उचल नव्हे, तो आगाऊ पगार. तो ज्या वर्षी हातात पडला त्या वर्षी कामगाराच्या उत्पन्नात धरतात. दोन्हींत फरक काय, तर परत फेडायचं ठरलं होतं का नाही. म्हणून चिठ्ठी करा. दोन ओळींची, तारीख घालून, ‘उचल रुपये अमुक, दरमहा तमुक कापून घ्यावी’, खाली सही किंवा अंगठा.

याच्यात आणखी एक खड्डा आहे आणि तुमच्या नोव्हेंबरच्या पानावर तुम्ही त्यात पडला आहात. रोजाने ५०० वर असलेल्या गड्याची अठरा हजेऱ्या, म्हणजे ९,०००. उचलीचे २,००० कापून हातात ७,०००. तुम्ही प्रोफेशन टॅक्स लावलाच नाहीत, कारण ७,५०० पर्यंत पुरुषांना माफ. पण टॅक्स हातात पडलेल्या पैशांवर नसतो, उचल कापण्याआधीच्या ढोबळ पगारावर असतो. ९,००० म्हणजे ७,५०० ते १०,००० च्या पायरीत, १७५ रुपये लागतात. दहा हजारांच्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काही नाही. म्हणजे तुमच्या तिघी आणि सीझनच्या सगळ्या जणी यातून मोकळ्या.

प्रोफेशन टॅक्सचं वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत, आणि वर्षाला लाखाच्या आत टॅक्स असणाऱ्यांचं विवरणपत्र वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत. तुमचे चार पुरुष धरून फार तर दहा हजार होतात. तुमच्या कामांत सगळ्यात जवळची तारीख हीच आहे. तुमची नोंदणीच उशिरा होतेय, त्यामुळे थोडं विलंब शुल्क सोसावं लागेल. ते सोसा, पण मागच्या तारखा घालू नका.

वहीत आणखी एक रकाना हवा, तो बागेचा. तुमच्या फोटोतला एक गडी सकाळी कलमांना पाणी देतो, झाडावरचे आंबे उतरवतो आणि दुपारी डबे भरायला बसतो. घरच्या बागेतला आंबा तसाच पेटीत भरून विकला तर ते शेतीचं उत्पन्न, करमुक्त. त्याचा रस काढून डबाबंद केलात की त्या भागाचा नफा धंद्याचा. मग बागेतल्या मजुरीचा खर्च करमुक्त उत्पन्नाचा, तो कारखान्याच्या नफ्यातून वजा मागता येत नाही. मस्टरवर हजेरीच्या चौकटीत नुसता ‘बा’ किंवा ‘का’ लिहिलात तरी पुरे, अर्धा दिवस असेल तर दोन्ही. आणि दिरांची एक समजूत जाता जाता काढा. गडी बागेत राबला म्हणून त्याची मजुरी शेतीचं उत्पन्न होत नाही. बाग त्याची नाही.

रोखीबद्दल. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेत तर तो खर्च धरला जात नाही. सीझनच्या बायकांची आठवड्याची मजुरी त्याच्या आत बसते, त्यांना रोख द्या, पण सही घ्या. बारमाही सातजणांचा पगार मात्र बँकेतून. हे मी कायद्यापेक्षा अनुभवाने सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा मी ज्या गाळ्यात हिशेब लिहायचो तिथली कपाटं दोन दिवस पाण्यात होती. मस्टरची पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, शाई सगळी पसरलेली. ज्यांचा पगार बँकेतून जायचा त्यांचा वर्षाचा हिशेब स्टेटमेंट काढून दोन दिवसांत उभा राहिला. रोखीवाल्यांचा आम्ही महिनाभर एकेकाला बोलावून, ‘आठव, तेव्हा तुझ्या मुलीचं लग्न होतं ना’, असं करून लिहीत बसलो होतो. तेव्हापासून दर शनिवारी मस्टरच्या पानाचा फोटो काढून ठेवायची सवय लागली. तुमच्याकडे पूर नसेल, पण वाळवी आहेच.

सुपरवायझरचं उत्तर ऐकून तो नाराज होईल. २८,००० म्हणजे वर्षाचे ३,३६,०००. वजावट गेली की २,६१,०००, तीन लाखांच्या आत. कर नाही, म्हणून टीडीएस नाही, म्हणून फॉर्म १६ नाही. फॉर्म १६ हा कर कापल्याचा दाखला आहे, नोकरीचा नव्हे. त्याचा पहिला भाग आयकर खात्याच्या ट्रेसेस या पोर्टलवरूनच उतरतो, त्यावर दाखल्याचा नंबर असतो, आणि कर भरलेलाच नसेल तर तो उतरणार कुठून? झेरॉक्सच्या दुकानात एक्सेलवर बनवून देणारे महाभाग आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, बँकवाले कराची नोंद २६ एएसशी, म्हणजे आयकर खात्याकडच्या उताऱ्याशी, ताडून बघतात आणि सही तुमची असते. त्याऐवजी लेटरहेडवर पगाराचा दाखला द्या. कामाला लागल्याची तारीख, हुद्दा, पॅन, मागच्या बारा महिन्यांचा ढोबळ पगार, त्यातून झालेली कपात आणि पगार कुठल्या बँकेत जमा होतो ते. सोबत पगाराच्या पावत्या. त्याला सांगा, खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट काढ आणि सक्ती नसली तरी स्वतःचं विवरणपत्र भर, कर शून्य आला तरी बँकेला तो कागद चालतो.

दिरांचा फॉर्म १६ मात्र द्यायचाच. मार्चमध्ये कापलेला कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा, इतर महिन्यांसारखा सात तारखेला नव्हे. चौथ्या तिमाहीचं २४ क्यू, म्हणजे पगाराच्या टीडीएसचं विवरणपत्र, ३१ मेपर्यंत, त्यालाच वर्षभराच्या पगाराचा तक्ता जोडतात. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. फॉर्म १६ ची मुदत १५ जून. कागदावर भरपूर वेळ दिसतो, पण तुमचा एप्रिल-मे रसाच्या पातेल्यापाशी जाणार आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की वीज आणि नेट दोन्ही लहरीवर. २४ क्यू मेच्या मध्याला देऊन टाका. विवरणपत्र गेल्यावर ट्रेसेसवर फॉर्म तयार व्हायला काही दिवस लागतात.

विवरणपत्र जाण्याआधी पॅन आणि चलन स्वतः वाचून बघा. पॅनची पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. माणसाच्या पॅनचं चौथं अक्षर पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं. मी एकदा एका लग्न झालेल्या बाईंचं पाचवं अक्षर ‘चुकलंय’ म्हणून सासरच्या आडनावाप्रमाणे सुधारलं होतं. पॅन लग्नाआधीचा होता, अक्षर माहेरच्या आडनावाचंच राहतं. कापलेला कर त्यांच्या नावावर दिसेना, त्यांचा परतावा अडकला, आणि दुरुस्तीचं विवरणपत्र भरेपर्यंत त्या आमच्या दारात उभ्या राहून माझ्याकडे नुसत्या बघायच्या. दिरांचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना तेही बघून घ्या. बंद पडलेल्या पॅनवर कर २० टक्क्यांनी कापावा लागतो.

सीझनचं एक राहिलं. सात आणि दहा, सतरा. वीस झाली की प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा दारात येतो, आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. फळप्रक्रिया त्या कायद्याच्या यादीत आहे. कंत्राटदाराने आणलेली माणसंही मोजणीत येतात. तेव्हा मे महिन्यात ऑर्डर वाढली म्हणून शेजारच्या वाडीतल्या आणखी चौघींना बोलवायच्या आधी सीएंना एक फोन करा. बोलवूच नका असं म्हणत नाही, पण ठरवून बोलवा.

१ एप्रिलला नवी वही आखालच. ढोबळ पगार, प्रोफेशन टॅक्स, टीडीएस, उचल दिली, उचल कापली, हातात दिले, बँक की रोख, एवढे रकाने आडवे घ्या. दीर गल्ल्यातून घरासाठी काढतात ते या वहीत अजिबात नको, त्याची वही वेगळी. पहिल्या पानाचा फोटो पाठवा. बघून सांगतो.